जेट बंद पडल्यावर तिची विमानं, रूट आणि मुंबईचे स्लॉट कोणाकडे कसे गेले?

घाटकोपरकर:

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतोय. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नवी मुंबई विमानतळाचा विषय निघाला होता, तिथे कोणत्या कंपनीला किती फ्लाइट मिळणार वगैरे, आणि बोलता बोलता गाडी जेट एअरवेजवर आली. मग काय, प्रत्येकाची वेगळी थिअरी. एकजण म्हणतो इंडिगोने संपवली, दुसरा म्हणतो बँकांनी मारली, तिसरा म्हणतो जेटचे संस्थापक नरेश गोयलनी स्वतःच्या हाताने.

त्यात मला पडायचं नाहीये, का बुडाली यावर लोक पाच वर्षं लिहितायत. माझा प्रश्न बुडाल्यानंतरचा आहे. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला आलं आणि शटर खाली. त्याच उन्हाळ्यात मी स्पाइसजेटने दिल्लीला गेलो, आत शिरलो तर सीटा सगळ्या जेटच्या, पुढे बिझनेस क्लासच्या रुंद खुर्च्या, अरे स्पाइसजेटमध्ये बिझनेस क्लास कधीपासून! म्हणजे विमान तेच, फक्त बाहेरचं नाव बदललेलं.

तर प्रश्न असे की स्टेट बँक आणि बाकीच्यांचे आठ हजार कोटींच्या आसपास अडकले होते ना, मग त्यांनी ही विमानं ताब्यात घेऊन विकली का नाहीत, ती थेट स्पर्धकाकडे कशी काय पोचली? मुंबईचे स्लॉट (विमान उतरवायच्या-उडवायच्या ठरलेल्या वेळा) म्हणजे सोनं म्हणतात, ते कोणी वाटले आणि पैसे कोणाला मिळाले? परदेशातल्या रूटचं काय झालं? आणि लंडनला म्हणे बुडालेल्या कंपनीचे स्लॉट करोडोंना विकले जातात, मग इथे तसं का नाही केलं, निदान स्टाफचे थकलेले पगार तरी निघाले असते. जाणकारांनी प्रकाश टाकावा. राजकारण नको प्लीज.

रनवे_सत्तावीस:

विमानांचं मी सांगतो, माझं पोटापाण्याचं कामच ते आहे. विमानं भाड्याने देणाऱ्या कंपन्या असतात, त्यांच्या वतीने विमान परत घेताना त्याची कागदपत्रं तपासायची. जेटचं काम मी केलेलं नाही, पण त्या काळात लाइनमधल्या सगळ्यांची झोप उडाली होती.

पहिली गोष्ट, ती विमानं जेटची नव्हतीच. ताफा एकशेवीसच्या वर, त्यात स्वतःची म्हणता येतील अशी सोळाच्या आसपास. बाकी सगळी लीझवर. मालक कोण, तर एअरकॅप, जीईकॅस असल्या मोठ्या कंपन्या, या धंद्यातले बरेचसे आयर्लंडमध्ये बसलेले. भाडं थकलं की ते विमान उभं करायला सांगतात. २०१९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जेट रोज स्टॉक एक्स्चेंजला कळवत होती की भाडं न दिल्यामुळे आज अजून एवढी विमानं ग्राउंड झाली. एप्रिलच्या मध्यावर ताफा वीसच्या खाली आला, आणि परदेशात उडायला आपल्याकडे किमान वीस विमानं लागतात, म्हणजे इंटरनॅशनलही गेलं. शेवटच्या दिवशी पाचएक विमानं उडत होती.

आता ती काढून नेणं एवढं सोपं कसं झालं. विमान लीझवर घेताना एअरलाइन एक पत्र सही करून देते, त्याला आयडेरा म्हणतात. त्याचा अर्थ एवढाच की उद्या माझ्याकडून पैसे आले नाहीत तर तुम्ही परस्पर डीजीसीएकडे (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) जाऊन या विमानाचं भारतातलं रजिस्ट्रेशन रद्द करून घ्या आणि विमान देशाबाहेर न्या, माझी हरकत नाही. केप टाऊन करार म्हणून विमानांवरच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याखाली ही सोय आहे, भारत त्यात २००८ ला आला. पण २०१२ ला किंगफिशर बंद पडली तेव्हा लीझवाल्यांचे इथे प्रचंड हाल झाले, विमानं अडकून पडली, एका जर्मन बँकेच्या कंपनीला तर दोन एअरबस सोडवायला डीजीसीएविरुद्ध दिल्ली हायकोर्टात जावं लागलं. त्या बदनामीनंतर २०१५ मध्ये नियम बदलले, आयडेरा घेऊन गेलात की पाच वर्किंग डेजमध्ये रजिस्ट्रेशन रद्द. जेटच्या वेळी त्याची पहिली मोठी परीक्षा झाली आणि डीजीसीएने भराभर विमानं सोडली.

आणि घाटकोपरकर, तुम्ही बसलात ते विमान लीझवाल्याने स्पाइसजेटला दिलेलं. त्याला तरी दुसरं काय हवं असतं? विमान परदेशात न्यायचं म्हणजे फेरी फ्लाइट (रिकामं विमान उडवत नेणं), पार्किंग, नवा गिऱ्हाईक शोधा, त्याच्या पसंतीने सीटा बदला, रंग द्या, सगळा खर्च आणि तेवढे महिने भाडं शून्य. त्यापेक्षा त्याच विमानतळावर शेजारच्या पार्किंगमध्ये गिऱ्हाईक उभं आहे, त्याच्याकडे त्याच टाइपचे पायलट आणि इंजिनियर आहेत, मग सीटा बदलायच्या कशाला. स्पाइसजेट तर आधीच तहानलेली होती कारण मार्चमध्ये बोइंग ७३७ मॅक्स जगभर जमिनीवर आली आणि त्यांची डझनभर मॅक्स उभी राहिली. जेटची ७३७-८०० म्हणजे त्यांच्यासाठी आयती. तीसच्या आसपास घेतली त्यांनी. त्या बिझनेस क्लासच्या सीटा काढायला वेळ नव्हता म्हणून मे महिन्यात स्पाइसबिझ नावाने त्याच विकायला काढल्या. विस्तारानेही नऊएक घेतली, आणि ती तर एअरबसवाली कंपनी, तरीसुद्धा.

इंडिगोने मात्र जेटची ७३७ घेतली नाहीत, त्यांना ती नकोच होती, त्यांची बहुतेक सगळी एअरबस ३२० आणि नवी सतत येत होती. इंडिगोला काय हवं होतं ते स्लॉटवाले सांगतील.

अवांतर, पण महत्त्वाचं. बंद पडायच्या मार्गावर असलेल्या एअरलाइनमध्ये एका विमानाचं इंजिन काढून दुसऱ्याला लाव, पार्ट इकडचा तिकडे कर असं सुरू होतं, म्हणजे चालवायला चार विमानं तरी राहतात. मग लीझवाला येतो तेव्हा त्याच्या विमानावर इंजिन दुसऱ्याच मालकाचं. आणि इंजिनातल्या काही पार्टचा पहिल्या दिवसापासूनचा हिशोब कागदावर नसेल तर तो पार्ट कितीही चकाचक असला तरी भंगार. म्हणून पहिल्या आठवड्यात धावपळ विमानाइतकीच कागदपत्रांच्या खोक्यांसाठी असते.

खडूस_सीए:

वरच्या प्रतिसादाला जोडून. बँकांनी विमानं का नाही घेतली, कारण त्यांच्याकडे गहाण होतं ते वेगळंच. जी थोडी स्वतःची विमानं होती त्यांच्यावरही अमेरिकेच्या एक्झिम बँकेच्या गॅरंटीवर काढलेली कर्जं होती, मुख्यतः मोठी ७७७. आपल्या बँकांच्या वाट्याला ब्रँड, येणी, काही शेअर, असला माल. बीकेसीतले ऑफिसचे मजले होते ते पुढे ४९० कोटींना गेले, पण त्यावरही पहिला हक्क ज्यांनी त्याच्यावर कर्ज दिलं त्यांचा.

आणि टायमिंग बघा. २५ मार्चला गोयल बोर्डवरून उतरले, बँका दीड हजार कोटी घालणार अशी घोषणा झाली, ते पैसे आलेच नाहीत, शेवटी चारशे कोटींची तातडीची मागणी पण नाकारली आणि १७ एप्रिलला बंद. त्यानंतर बँका स्वतः गिऱ्हाईक शोधत बसल्या दोन महिने. एनसीएलटीत, म्हणजे दिवाळखोरीच्या केस चालवणाऱ्या ट्रिब्यूनलमध्ये, केस दाखल करून घेतली गेली २० जूनला. दिवाळखोरी कायद्यात केस दाखल झाली की मोरेटोरियम लागतो, कोणालाही काही उचलून नेता येत नाही. पण तोवर उचलण्यासारखं राहिलं होतं काय? लीझवाले नेऊन बसले होते, स्लॉट वाटून झाले होते. रिकाम्या घराला कुलूप.

एक ७७७ तर भारतातही नव्हतं. १० एप्रिलला ॲमस्टरडॅमच्या स्किपोलला एका कार्गो एजंटने थकबाकीसाठी ते अडकवून ठेवलं, पुढे तिकडच्या कोर्टात जेटविरुद्ध वेगळी दिवाळखोरीची केस चालली, आणि ते विमान शेवटी केएलएमने घेतलं.

मृण्मयी_ठाणे:

स्लॉट माझा विषय, एका एअरलाइनमध्ये शेड्यूलिंगला होते (कुठल्या ते विचारू नका). थोडं लांब होईल.

स्लॉट म्हणजे अमुक वेळेला या विमानतळावर उतरायची किंवा उडायची परवानगी, बस. मुंबईला दोन रनवे आहेत पण ते एकमेकांना छेदतात म्हणून एका वेळी एकच चालतो, आणि त्या एकावर तेव्हा तासाला ४६ विमानं यायची-जायची. डिसेंबर २०१८ मध्ये एका दिवसात हजाराच्या वर विमानं हाताळली होती त्यांनी. म्हणजे जागा शून्य. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळातला मुंबईचा स्लॉट मिळवायला कंपन्या वर्षानुवर्षं लाइनीत असायच्या आणि हातात काय यायचं तर रात्री पावणेतीनचा. आणि जेट ९३ पासून मुंबईची, तिच्याकडे सगळ्यात मोक्याच्या वेळा. बंद पडल्यावर मुंबईत २८० आणि दिल्लीत १६० स्लॉट रिकामे झाले असं तेव्हा सरकारकडूनच सांगितलं गेलं.

नियम असा की सीझनमध्ये ८० टक्के वापरलात तर पुढच्या वर्षी त्याच सीझनला तो तुमचाच. नाही वापरलात तर परत पूलमध्ये, म्हणजे नव्याने वाटायच्या सामायिक साठ्यात. उन्हाळी सीझन मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत चालतो. जेट बंद पडली सीझन नुकता सुरू झाल्यावर, म्हणजे सहा महिने एवढे स्लॉट रिकामे ठेवायचे का हा प्रश्न. त्यात सुट्ट्या लागलेल्या, मुंबईहून तिकिटांचे भाव आभाळाला, टीव्हीवर रोज बोंब. सरकारने मग मंत्रालय, डीजीसीए, एअरपोर्ट अथॉरिटी, मुंबई-दिल्लीचे ऑपरेटर यांना बसवून वाटप केलं. ऑफिशियली तात्पुरतं, तीन महिन्यांसाठी, जेट परत उभी राहिली तर तिचे स्लॉट तिला देऊ.

आणि खरी मेख अट काय घातली त्यात आहे. जो जादा विमान आणेल त्याला आधी. आहे तेच विमान इकडून काढून तिकडे लावलंत तर देशातल्या एकूण सीटा वाढत नाहीत, भाडी खाली येत नाहीत. त्यामुळे रनवे_सत्तावीस सांगतायत ती विमानांची पळापळ आणि स्लॉटची पळापळ या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच! लीझवाल्याकडून जेटचं ७३७ आठ दिवसांत मिळवायचं, ते दाखवून जेटचा स्लॉट घ्यायचा, जेटमधूनच पायलट आणि केबिन क्रू उचलायचे (स्पाइसजेटने शेकड्यांनी घेतले, त्यांचे प्रमुख अजय सिंग तेव्हा उघड सांगत होते) आणि बहुतेक वेळा जेटच्याच रूटवर उडवायचं. विस्ताराने ७३७ का घेतली याचंही उत्तर हेच आहे, नवी एअरबस यायची वाट बघत बसली असती तर मुंबईचे स्लॉट दुसऱ्याने नेले असते. विस्ताराकडे तोवर मुंबई फारशी नव्हतीच.

इंडिगोकडे नवी विमानं दर महिन्याला येतच होती, म्हणजे अट त्यांच्यासाठी आपोआप पूर्ण. त्यांना फक्त मुंबईचे स्लॉट आणि परदेशी हक्क हवे होते, ते मिळाले.

तीन महिन्यांचं तात्पुरतं नंतर किती तात्पुरतं राहिलं ते सगळ्यांना माहितीय :) एकदा वेळापत्रक छापलं, तिकिटं विकली, की तो स्लॉट कोण परत देतं.

बंडू_सोलापूर:

एवढं लांबण लावायची गरज नाही. सगळं ठरवून इंडिगोला आंदण दिलं. आज बघा सगळीकडे इंडिगोच.

मृण्मयी_ठाणे:

@बंडू, इंडिगो आज साठ टक्क्यांच्या वर आहे हे खरंय, आणि जेट गेल्यावर मे २०१९ मध्ये ती निम्म्याजवळ पोचली हेही खरं. पण त्या वाटपात मुंबईमध्ये जास्त उड्या स्पाइसजेटने मारल्या होत्या. पुढे काय झालं बघा. स्पाइसजेटचंच भाडं थकायला लागलं, २०२२ च्या जुलैमध्ये डीजीसीएने त्यांना मंजूर फ्लाइट्सच्या निम्म्याच चालवायला सांगितल्या, लीझवाले पुन्हा तेच आयडेराचं पत्र घेऊन दारात. विस्तारा तर एअर इंडियात विलीन झाली. म्हणजे जेटचे स्लॉट ज्यांच्या हाती पडले त्यातले दोघं गळाले, आणि ते गळताना जे सुटलं ते पुन्हा ज्याच्याकडे विमानं तयार त्याच्याकडे गेलं. वाटप करणारा कोणीही असो, पूलमधून उचलायला विमान लागतं, आणि सलग दहा वर्षं विमानं येत राहतील अशी ऑर्डर कोणाकडे होती? तुम्हाला सरकारला शिव्या घालायच्या असतील तर यावर घाला की एकाच कंपनीला किती टक्के स्लॉट असावेत याची मर्यादा घातली नाही. तिथे मी तुमच्या बाजूने.

घाटकोपरकर:

वा, भारी माहिती. पण मृण्मयी, मग विकले का नाहीत हा माझा प्रश्न राहिलाच. लंडनचं खरं आहे ना?

मृण्मयी_ठाणे:

खरं आहे. ब्रिटनमध्ये मोनार्क नावाची कंपनी ऑक्टोबर २०१७ मध्ये बुडाली, तिचे उन्हाळ्याचे स्लॉट तिला द्यायचे का यावर भांडण झालं, स्लॉट कोऑर्डिनेटर म्हणाला कंपनी बंद आहे, कसले स्लॉट, पण अपील कोर्टाने दिवाळखोरी बघणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि गॅटविकचे स्लॉट ब्रिटिश एअरवेजच्या मालक कंपनीने विकत घेतले. जेट बंद पडली त्याच वर्षी थॉमस कुक बुडाली, तिचे गॅटविक आणि ब्रिस्टलचे स्लॉट इझीजेटने ३ कोटी ६० लाख पौंडांना घेतले. हीथ्रोचा तर विषयच नको, २०१६ मध्ये ओमान एअरने तिथल्या एका जोडीसाठी (एक उतरायचा, एक उडायचा स्लॉट) साडेसात कोटी डॉलर मोजले.

आपल्याकडे स्लॉट कंपनीच्या मालकीचा नसतोच, विकता येत नाही. दादरच्या पागडीच्या खोलीसारखं आहे तिकडे, मालकी तुमची नाही पण उठताना पुढच्याकडून पैसे घेता, इकडे उठलात की खोली सरळ मालकाच्या ताब्यात.

आणि गंमत म्हणजे जेटकडे हीथ्रोचे विकण्यासारखे स्लॉट होते. तीन जोड्या. त्या २०१३ मध्येच अबुधाबीच्या एतिहाद एअरलाइनला ७ कोटी डॉलरला विकून झाल्या होत्या, आणि मग त्याच स्लॉटवर भाड्याने उडत होती. त्याच वर्षी एतिहादने जेटमध्ये २४ टक्के हिस्सा घेतला.

खडूस_सीए:

हाच मुद्दा मी मांडणार होतो. धागाकर्ते, विकता येतं म्हणजे गहाणही ठेवता येतं. मुंबईचे स्लॉट जर मालमत्ता असते तर २०१९ पर्यंत ते शिल्लक राहिले असते असं खरंच वाटतं का तुम्हाला? २०१२-१३ मध्येच कुठल्यातरी बँकेकडे गेले असते आणि ते पैसे डिझेल, सॉरी, विमानाच्या इंधनात जळून गेले असते. वर बुडाल्यावर ज्याच्याकडे जास्त कॅश त्याने सगळे घेतले असते, म्हणजे कोण ते बंडूंना विचारा.

स्टाफच्या पगाराचं म्हणाल तर लिक्विडेशनमध्ये (कंपनी मोडून जे असेल ते विकणं) आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि तारण असलेल्या बँका एकाच पायरीवर, त्याखाली बाकीच्या कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे पगार. आता पायलट, मॅनेजर, ऑफिस स्टाफ हे कायद्याने कामगारात येतात की कर्मचाऱ्यात यावर किती फरक पडतो बघा. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मात्र त्यांनी लढून मिळवली, अपील ट्रिब्यूनलने ऑक्टोबर २०२२ मध्ये ती पूर्ण द्या म्हटलं आणि जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं. गंमत अशी की हाच बोजा त्या नव्या खरेदीदाराला जड झाला.

तो खरेदीदार म्हणजे जालान-कालरॉक हा गुंतवणूकदारांचा गट. २०२० मध्ये त्यांची योजना बँकांनी पास केली, २२ जून २०२१ ला एनसीएलटीने मंजूर केली. त्यांनी घातलेल्या अटी वाचा, म्हणजे एअरलाइनमध्ये विकत घेण्यासारखं काय असतं ते कळेल: उडायचं लायसन्स परत मिळावं, स्लॉट मिळावेत, परदेशी उड्डाणाचे हक्क मिळावेत. तिन्ही सरकारच्या हातात! सरकारने ट्रिब्यूनलमध्ये सरळ सांगितलं होतं की जुने स्लॉट आमचेच म्हणून जेटला मागता येणार नाहीत, नव्याने अर्ज करा, नियमात बसेल ते देऊ. लायसन्स मे २०२२ मध्ये मिळालं पण पैसे कोणी आधी टाकायचे यावर बँका आणि हे भांडत बसले, आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने वैतागून राज्यघटनेचं कलम १४२ वापरलं आणि लिक्विडेशन करा म्हणून सांगितलं. त्यानंतर पाच दिवसांनी विस्तारा एअर इंडियात विलीन.

पैठणगेट:

मी छत्रपती संभाजीनगरचा, तेव्हाचं औरंगाबाद. तुमच्या या सगळ्या चर्चेत लहान शहरं कुठेच नाहीत म्हणून लिहितो. आमच्याकडे जेटचं मुंबई विमान होतं, वाळूजच्या कंपन्यांचे लोक आणि वेरूळ-अजिंठ्याचे फॉरेनर त्याच्यावर अवलंबून. जेट गेली तशी मुंबईला जायला एअर इंडियावरच भिस्त आली. हॉटेलवाले, टूरवाले मंत्र्यांना निवेदनं देऊन दमले. तिकडे मुंबईत स्लॉटसाठी एवढी मारामारी चाललेली मग आमच्या जेटचा मुंबईतला स्लॉट गेला कुठे?

मृण्मयी_ठाणे:

@पैठणगेट, स्लॉटवर गावाचं नाव लिहिलेलं नसतं हो. तुमच्या विमानाचा मुंबईतला स्लॉट ज्याला मिळाला त्याने तो दिल्लीला, बंगळूरला नाहीतर दुबईला लावला. रनवेवर वेळ तेवढाच लागतो, ७० सीटांचं एटीआर उतरो नाहीतर साडेतीनशेचं ७७७. मग मुंबईचा सकाळचा स्लॉट हातात आल्यावर तो चाळीस मिनिटांच्या फ्लाइटवर कोणता प्लॅनर घालवेल? मी पण नसता घालवला, खोटं कशाला बोलू. पुण्या-मुंबईच्या माणसाला जेट गेल्याचा त्रास एक सीझन झाला, भाडी वाढली आणि मग दुसरे आले. तुमच्यासारख्या ठिकाणी ती जागा भरायला खूप जास्त वेळ गेला. वाटप करताना अट जादा विमानाची होती, जेट जिथे जात होती तिथे जाच अशी नव्हती.

परदेशी हक्कांचं राहिलं. दोन देशांमध्ये करार असतो, आठवड्याला इतक्या सीटा तुमच्या, इतक्या आमच्या. भारताच्या वाट्यातला मोठा भाग जेटकडे होता, खासकरून आखातात. ते हक्कही सरकारने तात्पुरते म्हणून वाटले. स्पाइसजेटने लगेच मुंबईहून दुबई, जेद्दा, रियाध, हाँगकाँग, कोलंबो, ढाका सुरू केलं, इंडिगोने मुंबईहून सिंगापूर, बँकॉक. विस्ताराला परदेशात उडायला वीस विमानं झालीच होती, ऑगस्टमध्ये तिचं पहिलं परदेशी विमान सिंगापूरला गेलं. एअर इंडियाला तर जेटची ७७७ च हवी होती, तेव्हाचे त्यांचे प्रमुख अश्वनी लोहानी यांनी स्टेट बँकेला पत्र लिहिलं की पाच विमानं आम्हाला द्या, लंडन दुबई सिंगापूर चालवतो. ते काही जमलं नाही. लंडनसारख्या लांबच्या रूटसाठी मोठी विमानं एअर इंडिया सोडली तर कोणाकडेच नव्हती, त्यामुळे ते पॅसेंजर बहुतेक दुबई, दोहा, अबुधाबीमार्गे जायला लागले. हक्क भारतीय कंपन्यांना वाटले, पण माणसं एमिरेट्स-कतारकडे गेली.

घाटकोपरकर:

मग गो फर्स्ट एअरलाइन बंद पडली त्या वेळी विमानं अडकून पडली होती ना? तिथे का नाही नेता आली लीझवाल्यांना? कायदा तर तोच.

रनवे_सत्तावीस:

जेटवरून धडा घेतला गो फर्स्टच्या मालकांनी, वाडियांनी. जेटमध्ये आधी लीझवाले पोचले, मग केस. गो फर्स्टने उलटं केलं, २ मे २०२३ ला स्वतःच जाऊन एनसीएलटीत दिवाळखोरीचा अर्ज टाकला, कारण काय दिलं तर प्रॅट अँड व्हिटनीची इंजिनं मिळत नाहीत म्हणून निम्मी विमानं उभी आहेत. लीझवाले आयडेरा घेऊन डीजीसीएकडे धावले पण पाच वर्किंग डेज पुरे व्हायच्या आत, १० मे ला, केस दाखल झाली आणि मोरेटोरियम लागला. चोपन्न विमानं जागच्या जागी. जगभरातून ओरड, भारतात विमान द्यायचं म्हणजे परत मिळेल याची खात्री नाही, भाडी वाढवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने नोटिफिकेशन काढलं की विमानांना मोरेटोरियम लागणार नाही, तरी जुन्या केसला ते लागू की नाही यावर वाद, शेवटी २६ एप्रिल २०२४ ला दिल्ली हायकोर्टाने पाच दिवसांत रजिस्ट्रेशन रद्द करा म्हणून सांगितलं. २०२५ मध्ये तर वेगळा कायदाच केला.

पण विमानं अडवून गो फर्स्टचा फायदा काय झाला विचाराल तर काहीच नाही. जवळजवळ वर्षभर विमानं उघड्यावर उभी, आमच्यातले लोक तपासायला गेले तेव्हा पार्ट गायब असल्याच्या तक्रारी कोर्टात गेल्या. आणि स्लॉट थोडेच मोरेटोरियममध्ये येतात, उडत नाही म्हटल्यावर ते इंडिगो, अकासा, एअर इंडियाकडे गेलेच. जानेवारी २०२५ मध्ये गो फर्स्टचंही लिक्विडेशन. जेटची विमानं गेली म्हणून ती उठली नाही म्हणतात, गो फर्स्टची विमानं राहूनही ती उठली नाही. बंद पडलेली एअरलाइन परत सुरू करायची असेल तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, पायलट घरी जायच्या आत, त्यानंतर मी तरी उदाहरण बघितलं नाही.

खडूस_सीए:

बरोबर. म्हणून २०१९ मध्ये त्या साउथ अमेरिकेतल्या सिनर्जी ग्रुपने पण येऊन चौकशी केली आणि पहिला प्रश्न स्लॉटचा विचारला.

बंडू_सोलापूर:

सगळं वाचलं. तरी मी म्हणतो ठरवून केलं.

बावरलेला_बोरिवलीकर:

उशिरा आलो. एक बारीक शंका, जेटचे माइल्स होते ना, ते तर कंपनी बंद पडल्यावरही चालू होते, ते कसं काय? ते पण कोणी पळवले का?

खडूस_सीए:

जेटप्रिव्हिलेज ही वेगळी कंपनी होती, २०१४ मध्येच एतिहादने त्यात ५०.१ टक्के घेतले होते. म्हणून ती जेटच्या केसमध्ये आलीच नाही. पुढे नाव बदलून इंटरमाइल्स केलं, आणि विमान नसलेल्या एअरलाइनचे पॉइंट लोक हॉटेल आणि खरेदीला वापरत राहिले.

बावरलेला_बोरिवलीकर:

अच्छा! आमच्या मातोश्रींनी त्यातून मिक्सर घेतला होता. अजून चालतोय.

खडूस_सीए:

मग बँकांपेक्षा तुमची वसुली चांगली झाली म्हणायची.